डोकं कुणाचं, निर्णय कुणाचा? बुद्धी वाढवण्याबद्दल औषधाच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेठेतल्या एका गल्लीत आमचं औषधांचं दुकान आहे. वरच्या दोन्ही मजल्यांवर अभ्यासिका. रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढलं की खालून वाकून कुणीतरी हमखास विचारतं, "काकू, ती जागायची गोळी आहे का?" विचारणारी मुलं परभणीची, नंदुरबारची, सांगोल्याची. गावाकडून येणाऱ्या पैशांत खोली, मेस आणि अभ्यासिकेची फी बसवणारी. दिवसा पालक येतात, त्यांना मुलाची बुद्धी तल्लख होईल असं काहीतरी हवं असतं. आणि अलीकडे एक जोडपं आलं होतं, टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांची इंजेक्शनं न्यायला. जाता जाता तिने दबक्या आवाजात विचारलं, "गर्भ निवडताना हुशार कोणता ते कळतं म्हणे?"

मी बी. फार्म. झालेली आहे, डॉक्टर नाही. पण बावीस वर्षं याच काउंटरमागे उभी आहे. घाईत दिलेली अर्धी उत्तरं मनाला लागून राहतात, म्हणून ती इथे पूर्ण लिहिते आहे.

बुद्धी वाढवणं म्हणजे नक्की काय वाढवणं?

जागं राहणं, लक्ष लागणं, लक्षात राहणं, पटकन सुचणं आणि शहाणपणाने निर्णय घेणं या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाजार त्या सगळ्यांना "ब्रेन पॉवर" म्हणून एकाच बाटलीत भरतो. कुणी काही विकायला आलं तर आधी विचारावं, यातलं नेमकं काय वाढणार? निम्मी विक्री तिथेच थांबते, असा माझा अनुभव आहे.

मुलं ज्या गोळ्या मागतात त्या मुळात कशासाठी आहेत?

दोन नावं सतत येतात. एक मिथाइलफेनिडेट. सीबा या स्विस कंपनीत लिआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञाने १९४४ मध्ये ते तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरिट, लाडाचं नाव रिटा, त्यावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही आणि शरीर स्वस्थ बसू देत नाही अशा मुलांना आणि मोठ्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. आपल्याकडे ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे.

दुसरं मोडाफिनिल. हे फ्रान्समध्ये विकसित झालं आणि अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली, ती नार्कोलेप्सीसाठी. या आजारात माणूस बोलता बोलता, जेवता जेवता झोपतो. तेही चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

पण घेतल्यावर डोकं जोरात चालतं, असं सगळे सांगतात. सगळे खोटं बोलतात का?

नाही. जे जाणवतं ते खरंच जाणवतं. उत्साह येतो, बैठक वाढते, कंटाळा जातो. झोप कमी झालेल्या माणसाला मोडाफिनिलने तरतरी येते यात शंका नाही, आणि पुरेशी झोप झालेल्यांवरही अवघड कामांत थोडा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत. पण खूप काम झाल्यासारखं वाटणं आणि काम चांगलं होणं यांत अंतर आहे, आणि ते मोजलं गेलं आहे.

२०१७ मध्ये जर्मन संशोधकांनी ३९ बुद्धिबळपटूंना मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल, कॅफिन किंवा नुसती बिनऔषधी गोळी देऊन घड्याळ लावून डाव खेळायला बसवलं. औषध घेतलेले खेळाडू प्रत्येक चालीला जास्त वेळ घेऊ लागले. विचार खोल होत असावा, कारण वेळ संपून हरलेले डाव बाजूला काढले तर त्यांची कामगिरी थोडी सुधारलेली दिसली. पण वेळ संपून हरलेले डावच वाढले होते.

दुसरा अभ्यास २०२३ मधला, मेलबर्नमधल्या संशोधकांनी ४० जणांवर केलेला. त्यांना सोडवायला दिलेलं कोडं आपल्याला नवं नाही. एसटीने गावी निघालाय, सॅक एकच, तिचं वजन ठरलेलं. घरी न्यायच्या वस्तू पुष्कळ, प्रत्येकीचं वजन वेगळं, मोल वेगळं. कोणत्या भरल्या तर जास्तीत जास्त मोलाचा ऐवज सॅकमध्ये बसेल? औषध घेतल्यावर लोक जास्त वेळ खपले, वस्तू जास्त वेळा आत-बाहेर केल्या आणि भरलेली सॅक मात्र आधीपेक्षा कमी मोलाची निघाली. गोळीविना जे सरासरीहून सरस होते, त्यांतले बरेच जण गोळीनंतर सरासरीखाली आले.

हे वाचलं तेव्हा मला बीडकडचा एक मुलगा आठवला. मित्राकडून गोळ्या मिळवून तीन रात्री बसला होता. त्याने दाखवलेली वही मी विसरणार नाही: चार रंगांच्या पेनांनी रेघा मारलेल्या, समासात बाण, प्रत्येक शीर्षकाभोवती चौकट. अक्षर मोत्यासारखं. सराव परीक्षेत मात्र त्याचे बावीस प्रश्न सोडवायचे राहून गेले. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पेपरला १०० प्रश्न आणि दोन तास. तिथे कोणता प्रश्न सोडून पुढे जायचं हे ज्याला कळतं तो तरतो.

पॉल एर्डिश तर गोळ्या घेऊनच गणित करायचा ना?

हा प्रश्न मला इंजिनिअरिंग झालेल्या एका मुलाने विचारला, आणि त्याची माहिती बरोबर होती. थोर हंगेरियन गणिती एर्डिश ॲम्फेटॅमिन, म्हणजे मेंदूला उत्तेजित करणारं औषध, घेत असे. १९७९ मध्ये त्याचा मित्र रॉन ग्रॅहम याने ५०० डॉलरची पैज लावली: महिनाभर सोडून दाखव. एर्डिशने सोडलं, पैज जिंकली आणि म्हणाला, तुझ्यामुळे गणित एक महिना मागे पडलं. मग पुन्हा सुरू केलं.

त्या मुलाला मी दोन गोष्टी सांगितल्या. एर्डिशने ही औषधं उतारवयाकडे झुकताना धरली. त्याआधीची कितीतरी वर्षं त्याने थक्क करणारं गणित केलं होतं. आणि त्या महिन्यात तो कोऱ्या कागदाकडे पाहत बसे, हे त्याने स्वतःच सांगितलं. ज्या माणसाला एकेकाळी फक्त कागद आणि मित्र पुरत होते, त्याला तो कागद गोळीविना कोरा दिसू लागला. मला यात औषधाची थोरवी दिसत नाही, मला त्याची काळजी वाटते.

चहा चालतो, मग गोळी का नाही?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण इथे स्पष्ट सीमारेषा नाही. कॅफिनही मेंदूवर काम करणारं रसायनच आहे. "नैसर्गिक" आणि "कृत्रिम" हा भेद माझ्या लेखी निरुपयोगी आहे. धोतरा नैसर्गिक आहे आणि चष्मा कृत्रिम.

फरक दुसरीकडे आहे. चहा जास्त झाला की हात थरथरतात, पित्त होतं, आणि माणूस स्वतःच कप खाली ठेवतो. तो आईसमोर पिता येतो. कॅफिनचा अंमल साधारण पाच तासांत निम्म्यावर येतो. मोडाफिनिलला त्यासाठी पंधरा तासांच्या आसपास लागतात, म्हणजे संध्याकाळी चारला घेतलेल्या गोळीचा निम्मा अंश सकाळी सातला रक्तात असतो. त्या रात्रीची झोप जाते, आणि दिवसभर वाचलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेतच. शिवाय चोरून घेतलेल्या गोळीचा त्रास झाला तर सांगायचं कुणाला, हा पेच असतो. रात्री दीडला छाती धडधडतेय म्हणून शटर वाजवणाऱ्या मुलीने पहिलं वाक्य उच्चारलं ते "घरी कळवू नका ना."

ही कॉपी झाली का?

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये चिठ्ठीशिवाय अशी औषधं घेऊन अभ्यास करणं हे फसवणुकीच्या नियमांत घातलं. खेळात मिथाइलफेनिडेट आणि मोडाफिनिल दोन्हींवर स्पर्धेदरम्यान बंदी आहे. २००३ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत दोन शर्यती जिंकलेल्या केली व्हाइट या धावपटूची पदकं मोडाफिनिलमुळे गेली.

मी स्वतः "कॉपी" हा शब्द वापरणार नाही. शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत पाहणारा ज्ञान चोरतो, गोळी घेणाऱ्याला वाचावं तरी लागतंच. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. जाहिरातीत जागा ४०० असतील तर सगळ्यांनी गोळ्या घेतल्या तरी निवड ४०० जणांचीच होणार. खोलीतल्या चौघांपैकी दोघांनी सुरू केलं की उरलेल्या दोघांना मागे पडायची भीती वाटते. मग चौघेही घेतात, स्पर्धा होती तिथेच राहते आणि चौघांची झोप जाते. इथे "ज्याची त्याची मर्जी" म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण शेवटच्या मुलाने गोळी घेतली ती मर्जीने नसते.

नोकरीतही हेच. उद्या एखाद्या कंपनीने रात्रपाळीच्या माणसाला सांगितलं, सक्ती नाही पण घेतलीत तर बरं, तर त्या "बरं" चा अर्थ घरभाडं भरणाऱ्या माणसाला नीट कळतो.

क्लासची लाखभर फी चालते, ती काय समान संधी आहे? मग गोळीवरच राग का?

ज्याने हे विचारलं त्याचे वडील ऊसतोडीला जातात. त्याचं म्हणणं असं, की श्रीमंताचं पोर क्लास, एसी खोली, सकस जेवण घेऊन येतं. माझ्याकडे काहीच नाही, तर दहा-वीस रुपयांच्या गोळीने थोडी भरपाई झाली तर कुणाचं बिघडलं? या प्रश्नापुढे मी बराच वेळ गप्प होते. काही अभ्यासांत ज्यांची कामगिरी मुळात कमी त्यांना फायदा जास्त झालेलाही दिसतो, तेव्हा त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणू शकत नाही.

तरी मी गोळी दिली नाही. गरिबीची भरपाई त्या मुलाने स्वतःच्या झोपेतून आणि हृदयाच्या ठोक्यांतून करावी, हा हिशेबच मला मान्य नाही. वसतिगृह, पोटभर जेवण आणि वेळेवर लागणारा निकाल हे त्याचं हक्काचं आहे. स्वस्त गोळीने ती मागणीच मिटून जाईल अशी मला भीती वाटते.

लहान मुलांना ब्राह्मी, शंखपुष्पी, सुवर्णप्राशन द्यावं का?

ब्राह्मीवर काही छोटे अभ्यास झाले आहेत आणि महिनोन्‌महिने घेतल्यावर मोठ्या माणसांच्या स्मरणात थोडी सुधारणा दिसल्याचं त्यांत आलं आहे. तान्ह्या बाळाची बुद्धी त्याने वाढते, असा पुरावा त्यातून निघत नाही.

पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाच्या रांगा लागतात. श्रद्धेला मी हात लावत नाही, पण दोन गोष्टी सांगणं माझं काम आहे. सुवर्णप्राशनात सोन्याचं भस्म मधातून चाटवतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातले जिवाणू बाळाच्या आतड्यात विष तयार करू शकतात आणि बाळ लुळं पडू शकतं. आणि भस्म असलेलं काहीही देताना ते कुठे बनलं, तपासलं कुणी, हे विचारा. २००४ मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं बाळाची बुद्धी कमी करतं, हे विज्ञानाला पक्कं ठाऊक आहे. बुद्धीसाठी दिलेल्या थेंबातून तेच पोटात जावं, याहून वाईट काय?

मिडब्रेन ॲक्टिव्हेशनचं शिबिर?

पाठवू नका. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल रंग ओळखतं, वाचतं, असं दाखवतात. पट्टी आणि नाकाच्या कडेला फट राहते, तिच्यातून दिसतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे अनेकदा उघड केलं आहे.

आमच्या गल्लीतला नऊ वर्षांचा एक मुलगा असं शिबिर करून आला होता. वडिलांनी कौतुकाने दुकानात आणलं, पट्टी बांधली, आणि त्याने माझ्या हातातल्या गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून दाखवली. वाचताना तो मान किंचित वर करून पाकीट हनुवटीपाशी धरत होता. मी तेव्हा काही बोलले नाही. दोन दिवसांनी एकटा क्रोसिन न्यायला आला तेव्हा सहज विचारलं. आधी तो नुसता पाकिटाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "काकू, नाकाजवळून दिसतं. पण सर म्हणाले दिसत नाही असंच सांगायचं. आणि बाबांनी पैसे भरलेत."

नऊ वर्षांच्या मुलाला बापाचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून खोटं बोलावं लागलं. बुद्धी वाढवण्याच्या नीतीवर पुष्कळ पुस्तकी चर्चा आहे, पण माझ्यासाठी ती चर्चा या वाक्यापाशी सुरू होते.

पण मुलाच्या भल्यासाठी आईवडिलांनी ठरवलं तर चूक काय? लस तर आपणच टोचून आणतो.

लस मुलाला आजारापासून वाचवते, आणि मोठेपणी ते डॉक्टर होवो की तमाशात ढोलकी वाजवो, दोन्हीकडे उपयोगी पडते. बुद्धी वाढवण्याच्या नावाखाली जे मागितलं जातं ते बहुतेक वेळा एका विशिष्ट परीक्षेसाठी असतं, आणि ती परीक्षा आईवडिलांनी निवडलेली असते. म्हणून मी पालकांना एवढंच विचारते: हे मुलाच्या कुठल्याही आयुष्यात उपयोगी पडेल, की फक्त तुम्ही ठरवलेल्या आयुष्यात?

इथे एक गैरसमज आवर्जून दूर करते. ज्या मुलाला खरोखर एडीएचडी आहे आणि तज्ज्ञ डॉक्टरांनी नीट तपासून औषध दिलं आहे, त्याच्या आईवडिलांना कुणी "पोराला ड्रग्ज देता" म्हणून टोचून बोलत असेल तर ते क्रूर आहे. दुरून दिसत नसेल तर आपण चष्मा देतो, तसंच ते औषध.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, हुशार गर्भ निवडता येतो का?

अमेरिकेत काही कंपन्या गर्भाच्या पेशीतली जनुकं वाचून असे अंदाज विकतात. बुद्धीचं एक जनुक नसतं. हजारो जागी विखुरलेल्या बारीक फरकांची बेरीज करून गुण काढतात. २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने हिशेब मांडला: दहा गर्भांतून सगळ्यात वरचा निवडला तरी सरासरी वाढ साधारण अडीच आयक्यू गुणांची. नीट झोपलेल्या आणि न झोपलेल्या दिवशीचा एकाच मुलाचा फरकही याहून जास्त निघेल, असं मला वाटतं. आणि दहा गर्भ हाती लागणं म्हणजे काय, किती इंजेक्शनं, किती सुजलेलं पोट, हे ती इंजेक्शनं विकणारी मी रोज पाहते.

आपल्याकडे कायद्याने हे चालत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा केंद्रीय कायदा, जो पुढे गर्भधारणेपूर्वीच्या तंत्रांनाही लागू झाला, अशा तपासण्यांना ठरावीक आजार आणि दोष शोधण्यापुरतीच मुभा देतो. त्या यादीत बुद्धी नाही.

आणि या बाबतीत महाराष्ट्राइतका कडू अनुभव फार थोड्यांच्या गाठीशी असेल. गर्भजलतपासणी भारतात आली ती जन्मजात दोष ओळखायला. काही वर्षांत तिचा धंदा झाला मुली पाडण्याचा. मुंबईतल्या स्त्री कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वात आधी त्याविरुद्ध कायदा केला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ निघाल्या. २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. एकेका घराला आपला निर्णय खासगी वाटत होता. हजारो घरांचे खासगी निर्णय एकाच दिशेने गेले आणि गावंच्या गावं मुलींवाचून राहिली. म्हणून "आमचं मूल, आमची निवड" हे वाक्य ऐकलं की मला आधी तो आकडा आठवतो.

त्या जोडप्याला मी हे सगळं सांगितलं नाही. तिच्या दंडावर सुया टोचून काळंनिळं झालं होतं. एवढंच म्हटलं, "बाळ धडधाकट येऊ दे गं, हुशारीचं बघू."

जनुकंच बदलली तर?

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जो त्सियेन या शास्त्रज्ञाच्या गटाने एका जनुकाची मात्रा वाढवून उंदीर तयार केले. ते शिकण्यात, लक्षात ठेवण्यात इतरांपेक्षा सरस ठरले. जगभर मथळे झाले. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांना दिसलं, की याच उंदरांना दीर्घकाळ टिकणारी वेदनाही जास्त जाणवते. मेंदूत शिकण्याचा आणि दुखणं लक्षात ठेवण्याचा रस्ता काही अंतर एकच आहे.

माणसात हा उद्योग हे (हे त्याचं आडनाव) जियानकुई या चिनी शास्त्रज्ञाने केला. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने जाहीर केलं, की जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्या आहेत. हेतू एचआयव्हीपासून संरक्षणाचा सांगितला होता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुली मात्र ते बदललेले जनुक घेऊन जगणार, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गोळी निदान बंद करता येते.

"हुशार पिढी घडवायची" यात वाईट काय आहे?

हे वाक्य आधी बोललं गेलं आहे, आपल्या भाषेच्या माणसांकडूनही. मराठी कादंबरीकार ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये भारतात सुप्रजननाची, म्हणजे 'चांगल्या' माणसांचीच संतती वाढवायची, चळवळ हवी म्हणून इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्या काळी ते पुरोगामी मत समजलं जाई.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. तिची आई, ती आणि तिची तान्ही लेक अशा तीन पिढ्या मंदबुद्धी आहेत, असं धरून. ती लेक, व्हिव्हियन, आठव्या वर्षी वारली. पण त्याआधी शाळेतल्या गुणवंत मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांवर माणसांची नसबंदी झाली.

याच सुमारास बर्लिनमध्ये एक मराठी बाई कवट्या मोजत होती. इरावती कर्वे, महर्षी कर्व्यांची सून. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, जे पुढे नाझींच्या वंशविचाराचे आधारस्तंभ झाले. गोऱ्यांच्या कवटीची ठेवण त्यांची श्रेष्ठ बुद्धी दाखवते, असं त्यांचं गृहीतक. विशीतल्या इरावतीबाईंनी मापं घेतली आणि प्रबंधात लिहून दिलं, की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्या गुरूच्या विरोधात. बुद्धीच्या कुठल्याही मोजपट्टीची कुणी जाहिरात केली की मला आधी त्या आठवतात.

आणि १९९४ फार जुनं नाही. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबलं. बुद्धीची उतरंड एकदा मनात पक्की झाली की तळाच्या माणसाच्या शरीरावर वरचे लोक हक्क सांगू लागतात. हे मी ज्या शहरात औषधं विकते तिथेच घडलं आहे.

मेंदूत चिप बसवून?

सध्या तो उपचार आहे, तोही प्रयोगावस्थेतला. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने पहिल्या माणसाला चिप बसवली, ती मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाला, कर्सर हलवता यावा म्हणून. काही आठवड्यांत मेंदूतले बरेच धागे जागचे सरकले. पुढे सॉफ्टवेअर सुधारून काम भागवलं. त्या तरुणाला जे मिळालं ते अनमोल आहे, याबद्दल मला शंका नाही.

निरोगी माणसाने मात्र सेकंड साइट कंपनीची गोष्ट लक्षात ठेवावी. तिने साडेतीनशेहून अधिक अंधांच्या डोळ्यांत कृत्रिम पडदा बसवला, आणि २०२० च्या आसपास पैसे संपल्यावर त्याची देखभाल सोडून दिली. यंत्र डोळ्यात तसंच. मोबाइल बंद पडला तर आपण दुसरा घेतो, पण डोक्यातलं यंत्र बंद पडलं तर काय?

म्हणजे तुमच्या मते बुद्धी वाढवूच नये?

असं मी कधीच म्हणणार नाही. वाढवावी, आणि ती वाढवायचा खात्रीचा मार्ग आपल्याला सत्तर वर्षं माहीत आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून पाहिलं. गलगंड झपाट्याने उतरला. पोटातल्या बाळाला आयोडीन मिळालं नाही तर मेंदूची वाढ कायमची खुंटते, हे आता जगाला ठाऊक आहे. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईला त्याहून जास्त. आयोडीनयुक्त मीठ हे माणसाने बाहेरून, मुद्दाम, रसायन घालून केलेलं बुद्धिवर्धनच आहे. त्यात कुणाचं मूल कुणाच्या पुढे जात नाही, सगळ्यांचीच मुलं वर येतात. कुणाला लपवून घ्यावं लागत नाही.

२००० मध्ये देशभर पेट्रोलमधलं शिसं गेलं, तेही बुद्धिवर्धनच होतं. उरलेलं काम मोठं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या आपल्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय निघाला. लोह कमी असलेल्या मेंदूला शिकणं जड जातं. लोहाचं सिरप माझ्या दुकानात ब्रेन टॉनिकच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त मिळतं, सरकारी दवाखान्यात फुकट. मागायला फारसं कुणी येत नाही.

हल्ली चांगल्या घरांतून नेहमीचं मीठ हद्दपार होऊन सैंधव आलं आहे. घरात गरोदर सून असेल तर पुडा उलटून बघा, आयोडीनयुक्त लिहिलंय का.

मी आधीच घेतोय. आता काय करू?

रागावणार नाही, ये. डॉक्टरांनी दिलेली असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नको किंवा मात्रा बदलू नको, त्यांना भेट. मित्राकडून घेतली असेल तर पाकीट फेकू नको, डॉक्टरांकडे ते घेऊनच जा. नाव आणि मात्रा त्यावर असते. मोडाफिनिल घेताना अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप यातलं काही आलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठ. हे क्वचित होतं, पण जिवावर बेततं. मुलींनी हेही लक्षात ठेवावं, की मोडाफिनिलने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, ते बंद केल्यावरही काही आठवडे. छाती धडधडत असेल तर अभ्यासिकेत एकट्याने बसून वाट पाहू नये.

आणि गोळीमागे झोप न येणं, घरी तोंड दाखवायची भीती, हे सगळं असेल, जे बहुधा असतंच, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. शटरच्या आतल्या बाजूला मी तो मोठ्या अक्षरात चिकटवला आहे, वाकून आत बघणाऱ्याला दिसेल असा.